दोनदा गाळलेलं पाणी

आमच्या थोरल्या साडूभाऊंनी उभ्या आयुष्यात कोणतीही गोष्ट पहिल्या सांगण्यात खरी मानली असेल, असं मला वाटत नाही. साडूभाऊ म्हणजे माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे, आक्कांचे यजमान. स्वतःच्या लग्नात त्यांनी मंगल परिणय लावायला आलेल्या बौद्धाचार्यांना आधी बाजूला घेऊन, "तुमाला हा विधी लावायचा अधिकार हाय का, आन असला तर कुणी देला?" असं विचारलं होतं. बौद्धाचार्य भले गृहस्थ, हसले. साडूभाऊ हसले नाहीत. पुढे फोटोग्राफरला त्यांनी कॅमेऱ्यात रीळ आहे का ते उघडून दाखवायला लावलं. त्याने दाखवलं, आणि त्यामुळे त्या लग्नाचा एकही फोटो आज आमच्यापैकी कोणाकडे नाही. साडूभाऊ मात्र अजूनही म्हणतात, "रीळ होतं, हे तर नक्की झालं ना?"

मी लातूरच्या एसटी स्टँडावर वाहतूक नियंत्रक होतो. कोणती गाडी कुठे लागली आहे हे माईकवरून ओरडून सांगणं, हीच माझी नोकरी. साडूभाऊ गावाला निघाले की माझ्याच खोलीत बसून माझ्याच हातचा चहा घेत. मी त्यांच्यासमोर माईकवर सांगे, की औशाची गाडी चारवर उभी आहे. ते मान डोलावत, पिशवी उचलत, चारवर जात, गाडीची पाटी वाचत, ड्रायव्हरला विचारत, मग कंडक्टरला विचारत, आणि शेवटी आत खिडकीशी बसलेल्या एखाद्या म्हातारीला विचारत, "मावशी, ही औशाला जाती का?" ती हाव म्हणाली म्हणजे मग ते चढत. मला एकदा फार लागलं. मी म्हणालो, "साडूभाऊ, मी एसटीचा माणूस, माझ्यावर विश्वास नाही, आणि त्या म्हातारीवर आहे?" ते म्हणाले, "तुमी हितंच बसून राहता, पाव्हणं. तिला जायचं असतं."

अशा माणसाला सरकारने आरोग्य खात्यात पर्यवेक्षक नेमलं होतं. कामाचं स्वरूप असं, की मोठ्या शहरातल्या शहाण्या लोकांनी रोगांबद्दल जे शोधून काढलं असेल ते परिपत्रकातून खाली यायचं, आणि ते साडूभाऊंनी गावोगाव जाऊन लोकांच्या गळी उतरवायचं. परिपत्रकाची सुरुवात बहुधा 'संशोधनातून असे निष्पन्न झाले आहे की' अशी असे, आणि साडूभाऊ त्या पहिल्याच ओळीवर अडत. "निष्पन्न झालं म्हणं! कुठं झालं? कुणाच्या अंगात झालं?" हदगावकडे नोकरीला असताना एकदा मीठसाखरेच्या पाण्याचं परिपत्रक आलं, की हगवणीने माणूस गळून गेला तर हे पाणी पाजावं. बाकीचे पर्यवेक्षक ते वाचून दाखवून मोकळे झाले. साडूभाऊंनी रजा टाकली, घरी आले, वाटीभर एरंडेल प्यायले, दिवसभर परसाकडे फेऱ्या मारल्या आणि संध्याकाळी आक्कांकडून मीठसाखरेचं पाणी करून घेतलं. दोन दिवसांनी मी भेटायला गेलो तेव्हा खाटेवर पडूनच म्हणाले, "गुण हाय. पण पाण्याचा का एरंडेल संपल्याचा, ह्याच्यात जरा शक हाय." आक्कांनी त्या वेळी पदराने डोळे पुसले, ते रडून की हसून, हे मी विचारलं नाही.

आणि पाणी! साडूभाऊ कोणाच्याही घरी गेले की पाण्याचा पेला आधी उजेडाकडे धरत आणि एका डोळ्याने आरपार पाहत. मग विचारत, "गाळलंय का?" घरचे सांगत, हो, गाळलंय. "मंग पुन्हा गाळा." खिशात पांढऱ्या कापडाची चौपदरी घडी असे, ती पेल्यावर धरून दुसऱ्या पेल्यात ओतून घेत आणि मगच पीत. गाळलेलं गाळणं हा त्यांचा धर्मच होता. सोयरिकीच्या बैठकीत, मयताच्या घरी, खुद्द जिल्ह्याच्या साहेबांच्या बंगल्यावर, कुठेही हा कार्यक्रम चुकला नाही. माणसं दुखावत. माझी बायको तर म्हणे, "दाजी आले की मला वाटतं माझ्या घरात झडती चाललीय."

लातूर वेगळा जिल्हा झाला आणि साडूभाऊंची बदली इकडे झाली. नवा जिल्हा म्हणजे नवी कचेरी, नव्या खुर्च्या आणि काहीतरी करून दाखवायची घाई. त्यातच पावसाने ओढ दिली, तळी आटली, आणि बारवांचं पाणी खालच्या पायरीला जाऊन टेकलं. त्या दिवसांत आमच्याकडे नारू होता. आता लोकांना सांगावं लागतं नारू म्हणजे काय, म्हणून सांगतो. पायाला फोड यायचा, आग व्हायची, आणि त्यातून दोऱ्यासारखा लांबलचक किडा बाहेर यायचा. तो काडीला गुंडाळून रोज थोडा थोडा ओढायचा. तुटला तर पाय पिकायचा आणि माणूस ऐन सुगीत घरी पडून राहायचा. शोध असा लागला होता, की असा पाय घेऊन माणूस बारवेत उतरला की पाण्यात नारूची पिल्लं सुटतात, ती डोळ्यांना जेमतेम दिसणाऱ्या पाणकिड्यांच्या पोटात जातात, आणि ते पाणी जो पिईल त्याच्या पायातून पुढच्या साली नारू निघतो. तेव्हा उपाय दोन. पाणी कापडातून गाळून प्यावं, आणि बारवेच्या पायऱ्या बुजवून वर कठडा बांधावा, म्हणजे कोणाचा पाय पाण्याला लागायलाच नको. पाणी वरून रहाटाने, दोर सोडून काढावं.

ज्या गावांच्या बारवा बुजवायच्या ठरल्या, त्यांत आमची सासुरवाडी होती.

साडूभाऊंनी अर्थातच आधी विश्वास ठेवला नाही. जीप घेऊन गावात गेले आणि सकाळी उजाडल्यापासून बारवेच्या काठावर बसून नुसतं कोण उतरतं, कोणाचा पाय बांधलेला आहे, हे बघत राहिले. पण शंका ही काही एकट्या साडूभाऊंची मालमत्ता नव्हती. आरोग्य खात्याची जीप आणि कोणाशी न बोलता टक लावून बघणारा माणूस, एवढ्यावर गावाने ताडलं की हा नसबंदीवाला. दुपारपर्यंत गावात म्हातारे सोडले तर एक पुरुष उरला नाही. सगळे रानात पांगले. तिकडे सासूबाईंना कोणीतरी सांगत गेलं, की मामी, तुमचे जावईच आले आहेत कापाकापी करायला. सासूबाई बारवेवर आल्या त्या हातात लाटणं घेऊनच. भाकरी थापणाऱ्या घरात लाटणं आलं कुठून, हे मला आजही कळलेलं नाही.

त्यानंतर जे झालं त्याला मी साक्षीदार आहे, कारण रविवार होता आणि मीही बायकोला घेऊन तिथे गेलो होतो. साडूभाऊंनी काचेच्या पेल्यात बारवेचं पाणी घेतलं आणि उन्हात धरलं.

"मामी, हे बघा. पांढरं पांढरं उड्या मारून राहिलं, दिसलं का?"

"दिसलं की. माझे डोळे अजून शाबूत हायेत."

"हेच्या पोटात नारू असतो."

सासूबाईंनी पेला हातात घेतला. बराच वेळ पाहिला. मला वाटलं, संपलं, आता म्हातारीला पटलं. तिला पटलंही होतं. "किडा हाय, कबूल," त्या म्हणाल्या. "हेच्यानं नारू होत असंल, तेबी कबूल. पण पायऱ्या बुजवू देनार न्हाई."

"आवो मामी, असं कसं? मग कबूल तरी काय केलं तुमी?"

तेव्हा सासूबाई बारवेच्या तोंडाशी बसल्या आणि त्यांनी जे सांगितलं ते आक्कांनीही आणि माझ्या बायकोनेही तोवर ऐकलेलं नव्हतं. त्या म्हणाल्या, "मी लगीन होऊन आले तवा आमाला ही पयली पायरी बंद होती. घागर खाली ठेवायची, लांब सरकायचं आन उन्हात उभं ऱ्हायचं. कुणाला दया आली तर वरून ओतायचं. न्हाई आली तर तसंच घराला. धर्म बदलला, त्याच्यानंबी लई दिसांनी आमच्या बायका मिळून ह्या पायऱ्या उतरल्या. वर लोक काठ्या घेऊन उभे. मी म्होरं होते, तुमची बायकू पोटात होती माझ्या. हातानं पाणी घेतलं, तितंच पिले. आन आता सरकार म्हणतंय पायऱ्या बुजवा आन रहाट लावा. रहाट कुणाच्या हाती ऱ्हाईल, जावईबापू? दोर कुणाच्या घरात ऱ्हाईल? पुन्ना उन्हात उभं ऱ्हायचं का आमी?"

साडूभाऊंनी सासूबाईंच्या हातातून पेला घेतला, पाणी जमिनीवर ओतलं, पेला पुसला आणि जीपमध्ये जाऊन बसले. दुसऱ्या दिवशी माझ्या खोलीत आले, चहा निवू दिला आणि म्हणाले, "पाव्हणं, म्हातारीचा शक बरोबर हाय." त्यांच्या तोंडून कुठलीही गोष्ट बरोबर असल्याचं मी पहिल्यांदाच ऐकत होतो. मी गाडी सांगायचं विसरलो आणि माहूरची गाडी तशीच निघून गेली.

पेच साधा होता आणि वाईट होता. पायऱ्या उघड्या ठेवाव्यात तर त्या दुष्काळात जो तो खालच्या डबक्यात पाय घालणार, आणि पुढच्या साली अर्धा गाव खाटेवर. बुजवाव्यात तर आमच्या वस्तीचं पाणी दुसऱ्याच्या मर्जीवर. पेल्यात किडा दिसल्याबरोबर, गवंडी लवकर धाडा अशी मागणी वर पाठवली होती साडूभाऊंनीच, आणि गवंडी येऊन पोचलेही होते. कधी नव्हे ते मला त्यांची काळजी वाटली. एरवी त्यांच्या शंकांचं मी हसूच केलेलं, पण त्या आठवड्यात त्यांचा चेहरा उतरला होता आणि पाणीदेखील ते एकदाच गाळत होते.

रहाट कुठे बसणार हे त्यांनी इंजिनियरला विचारलं. इंजिनियर तरुण होता, मनाने वाईट मुळीच नव्हता. एकच रहाट मंजूर होता आणि तो वेशीच्या बाजूला बसणार होता. "तिकडेच का?" तर लोखंड घेऊन येणारा ट्रक तेवढ्याच बाजूला जाऊ शकत होता. एवढंच कारण. वेशीच्या बाजूला कोणाची घरं आहेत आणि आमची वस्ती कुठल्या अंगाला आहे, हे त्या बिचाऱ्याच्या डोक्यातही आलं नव्हतं. साडूभाऊ मला म्हणाले, "कुणी मुद्दाम केलं आसतं तर भांडता आलं आसतं. हा तर ट्रकवर ढकलून मोकळा झाला."

मग त्यांनी जे केलं ते आरोग्य खात्याच्या इतिहासात कोणी केलं असेल का, शंकाच आहे. बारव बुजवायला आलेला सरकारी माणूस बारवेच्या कोरड्या पायरीवर जाऊन बसला आणि बुजवू देईना. डोक्यावर छत्री, पायात बूट, शेजारी उकळून, गाळून आणलेल्या पाण्याचा थर्मास. गवंडी थापी घेऊन वर उभे. जिल्ह्याचे साहेब जीपने आले, घाम पुसत काठावर वाकले आणि म्हणाले, "अहो, ही मागणी तुम्हीच पाठवली होती ना?"

"हाव साहेब, मीच."

"किड्यांचं पटलंय ना तुम्हाला?"

"पटलं की. डोळ्यांनी बघितलं."

"मग उठा ना तिथून!"

"किड्यावर माझा विश्वास बसला साहेब. तुमच्या रहाटावर न्हाई बसला."

वर गर्दी जमली होती. साडूभाऊंनी खालूनच आपलं म्हणणं मांडलं, की वस्तीच्या अंगाला वेगळा रहाट पाहिजे, आणि त्याचा दोर वस्तीतच राहील. हे ऐकल्याबरोबर वेशीकडच्या मंडळींना संशय आला, की या लोकांचा रहाट मोठा बसवणार आणि आपला छोटा. मळ्याकडच्या शेतकऱ्यांना संशय आला, की वेशीवाले आणि वस्तीवाले मिळून आपल्याला वगळणार. मागल्या आळीच्या एका आजीबाईंनी तर, आपल्या बाजूला रहाट नाही म्हणजे यात काहीतरी कारस्थान आहे, असं सरळ साहेबांनाच सुनावलं. साहेब नव्या जिल्ह्याचे, नव्या खुर्चीचे. त्यांना काम पुरं झालेलं दाखवायचं होतं. ऊन चढत होतं आणि पर्यवेक्षक थर्मास उघडून निवांत पाणी पीत होता. शेवटी साहेब म्हणाले, "चारी बाजूंना बसवा, पण आवरा." चौकोनी बारवेवर चार अंगांना चार रहाट बसले. वरच्या कागदात याचं कारण काय लिहिलं गेलं मला माहीत नाही, पण गावाला ते मिळाले निव्वळ एकमेकांवरच्या अविश्वासापोटी.

पायऱ्या बुजवायच्या दिवशी सासूबाई शेवटच्या एकदा खाली उतरल्या. सोबत साडूभाऊ, नजर त्यांच्या पावलांवर, पाण्याला पाय लागतो की काय म्हणून. पाण्याच्या वरच्या पायरीशी त्या थांबल्या. तळहात दगडावर ठेवून जरा वेळ उभ्या राहिल्या. वर आल्या आणि गवंड्याला म्हणाल्या, "घ्या, बुजवा आता." माझी बायको रडली, आक्का रडल्या, आणि खरं सांगायचं तर मीही इकडे तिकडे बघितलं.

कठडा झाला, दोर आला. आमच्या अंगाच्या रहाटावर पहिली घागर सासूबाईंनी ओढली. कोणी सांगायच्या आधी पदर दुहेरी केला, दुसऱ्या घागरीच्या तोंडावर ताणला आणि पाणी त्यातून ओतलं. हिरव्या लुगड्याचा तो पदर भिजून गडद झाला. मग त्यांनी तांब्या बुडवला आणि तो जावयापुढे धरला. "घ्या. गाळलंय."

आम्ही सगळे साडूभाऊंच्या खिशाकडे बघत होतो. त्यांचा हात खिशाकडे गेलाही. आक्कांनी डोळे मिटून घेतले. हात खिशापाशी थांबला, तसाच मागे आला, आणि साडूभाऊ तांब्या तोंडाला लावून पाणी प्यायले. दुसऱ्याने गाळलेलं पाणी ते पुन्हा न गाळता प्यायल्याचं मी पहिल्यांदा पाहिलं.

पुढच्या साली नारू फारसा निघाला नाही, त्याच्या पुढच्या साली कोणाच्याच पायात निघाला नाही. याचं श्रेय साडूभाऊंना कोणी दिलं नाही, कारण जे झालंच नाही त्याबद्दल कोण कोणाचे आभार मानणार? गाव म्हणालं, पाऊस बरा झाला म्हणून गेला. साडूभाऊंचाही विश्वास नव्हताच. ते पुढची कित्येक वर्षं लग्नाच्या मांडवात खाली मान घालून पाहुण्यांची पावलं तपासत हिंडत. दोन ठिकाणी मुलींच्या बापांनी त्यांना याबद्दल हटकलं आणि एका ठिकाणी, चप्पलचोर समजून, धरूनही ठेवलं.

परवा त्यांना गुडघा दाखवायला लातुरात एका तरुण डॉक्टरकडे नेलं होतं. घोट्याजवळचा जुना व्रण बघून डॉक्टरने हे काय म्हणून विचारलं. साडूभाऊ म्हणाले, "लहानपणी नारू झालता." डॉक्टर म्हणाला, "हो का? मी कधी पाहिला नाही. पुस्तकात होता एवढंच." रिक्षात बसल्यावर साडूभाऊ कुजबुजले, "पाव्हणं, हा डॉक्टर खरा वाटत न्हाई. नारू बघितला न्हाई म्हणतो!" मी म्हणालो, "साडूभाऊ, त्याने बघितला नाही तो कोणामुळे?" त्यांनी माझ्याकडे, मी काही लपवतोय की काय, अशा नजरेने पाहिलं. मग रस्त्याकडे तोंड केलं. रिक्षावाल्याला, पत्ता नीट कळला का, हेसुद्धा एकदाच विचारलं.

घरी माझ्या बायकोने पाणी आणलं. आता आमच्याकडे भिंतीवर पाणी शुद्ध करायचं यंत्र आहे, दिवा लागतो, घंटी वाजते. साडूभाऊंनी पेला उजेडाकडे धरला आणि खिशातून घडी काढली. घडी पांढरी नव्हती. हिरवी होती, विटलेली, कडेला काठाचा एक धागा. सासूबाई गेल्या तेव्हा त्यांची लुगडी वाटताना साडूभाऊंनी एक मागून घेतलं होतं, आणि ते त्यांना कशाला हवं, हे बायकांना कोडं पडलं होतं. मी बघतो आहे हे पाहून ते घाईने म्हणाले, "वीण घट्ट हाय हेची. खात्री करून घेतली मी." माझी बायको पुढे झाली. त्यांच्या हातातून तिने ते कापड घेतलं, दुसऱ्या पेल्यावर ताणून धरलं आणि पाणी सावकाश ओतलं. मग पेला त्यांच्यापुढे केला. "घ्या दाजी. आईनं गाळलंय."

साडूभाऊंनी पेला उजेडाकडे धरला नाही. दोन्ही हातांनी घेतला आणि सगळं पाणी पिऊन टाकलं.